आनंदीबाई जोशी : बंगालमधील बिऱ्हाड

1881 साली टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांची कलकत्त्याला बदली झाली. सोबत सोळा वर्षांच्या आनंदीबाई होत्या. अलिबाग, कोल्हापूर, भुज अशी बिऱ्हाडे त्यांनी पाहिली होती, दहा दिवसांचे मूलही गमावले होते. पण बंगाल अगदीच परका. हवा मानवेना, ताप हटेना. पतीसोबत पायी फिरायला निघाल्या की लोक टक लावून पाहत, टोमणे मारत. घरात शिकवणारा नवराच, आणि हात उगारणाराही तोच. गौरवलेखांत हे सहसा गाळले जाते. आनंदीबाईंनी मात्र त्या माराची आठवण पुढे अमेरिकेतून त्यांनाच लिहून कळवली.

नंतर बिऱ्हाड कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला हलले. वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेला एकटीनेच जायचे ठरले. फेब्रुवारी 1883 मध्ये तेथील कॉलेजात इंग्रजी भाषण करून आनंदीबाईंनी सांगितले, की देशाला स्त्री डॉक्टर हव्यात आणि आपण हिंदू राहूनच परतू. 7 एप्रिलला बोट सुटली, तेव्हा अठरावे वर्ष पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. गोपाळराव मागे राहिले.

1886 मध्ये फिलाडेल्फियाची पदवी मिळाली, फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात क्षयाने मृत्यू आला. अमेरिकेत त्यांना मुलीसारखे सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे गोपाळरावांनी रक्षा पाठवली. त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे.