हातातला दिवा सगळ्यांना माहितीय, पण नाईटिंगेल यांनी हॉस्पिटलं सुधारली ती आकड्यांच्या जोरावर

दरवर्षी १२ मे रोजी, म्हणजे जागतिक परिचारिका दिनाला, एक चित्र आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर येतं. रात्रीची वेळ, खाटांवर जखमी सैनिक आणि त्यांच्यामधून हातात दिवा घेऊन फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाईटिंगेल. शाळेतही आपण एवढंच शिकलो. प्रेमळ नर्स, विषय संपला.

पण त्यांचं खरं काम या चित्रात दिसतच नाही.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १८२० चा. आईवडील श्रीमंत इंग्रज. ते इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात मुक्कामाला असताना मुलगी झाली, म्हणून तिला शहराचंच नाव दिलं. मुलीला गणिताची आवड होती आणि नर्स व्हायचं होतं. त्या काळी इंग्लंडमध्ये चांगल्या घरातली मुलगी नर्स होणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं. घरच्यांचा विरोध अनेक वर्षं चालला, पण त्यांनी हट्ट सोडला नाही.

१८५४ मध्ये क्रिमियाचं युद्ध पेटलेलं होतं. ३८ नर्सेसना घेऊन त्या नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानातल्या स्कुटारी इथल्या लष्करी हॉस्पिटलात पोहोचल्या. तिथे घाण, उंदीर, अपुरी भांडी आणि अपुरे कपडे अशी अवस्था. त्यांनी स्वयंपाकघर सुरू केलं, कपडे धुण्याची सोय केली, सामान मिळवण्यासाठी अधिकाऱ्यांशी भांडणं केली.

तरीही माणसं मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथे दाखल असलेल्या दर शंभर सैनिकांमागे साधारण ४२ दगावत होते.

मार्चमध्ये इंग्लंडहून एक स्वच्छता आयोग आला. इमारतीखालची तुंबलेली गटारं त्याने साफ करून घेतली, पाणी आणि हवा खेळती राहील अशी व्यवस्था केली. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आलं.

युद्ध संपल्यावर फ्लॉरेन्स घरी परतल्या तेव्हा सगळा देश त्यांना डोक्यावर घेत होता. त्या मात्र विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञासोबत मृत्यूंच्या नोंदी घेऊन बसल्या. हिशोब लागला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. लढाईतल्या जखमांपेक्षा रोगांनी कितीतरी जास्त सैनिक मेले होते आणि त्यातले बरेच मृत्यू टाळता आले असते. हॉस्पिटलच माणसं मारत होतं आणि त्या हॉस्पिटलात त्या स्वतः काम करत होत्या.

हे झाकून ठेवता आलं असतं. त्यांनी उलट केलं. आकडे मंत्र्यांनाही एका नजरेत कळावेत म्हणून रंगीत गोलाकार आलेख काढले आणि १८५८ च्या अहवालात मांडले. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्य करून घेतलं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला.

१८६० मध्ये त्यांनी आणखी एक मागणी लावून धरली. सगळ्या हॉस्पिटलांनी एकसारख्या नमुन्यात नोंदी ठेवाव्यात. किती रुग्ण आले, कोणत्या आजाराचे, किती बरे झाले, किती गेले. कोणतं हॉस्पिटल चांगलं हे इमारतीवरून आणि नावावरून ठरू नये, हा त्यामागचा विचार. त्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांची नर्सिंगची शाळा सुरू झाली.

हाच नियम त्यांनी स्वतःलाही लावला. त्यांच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात सुईणींच्या प्रशिक्षणासाठी प्रसूती वॉर्ड सुरू झाला होता. तिथे बाळंतिणी तापाने दगावू लागल्या, तेव्हा १८६७ मध्ये तो बंद करण्यात आला. मग त्यांनी ठिकठिकाणचे आकडे गोळा केले. १८७१ मध्ये पुस्तक काढून त्यांनी दाखवून दिलं की गरिबाच्या घरातलं बाळंतपणसुद्धा तेव्हाच्या प्रसूतिगृहापेक्षा सुरक्षित होतं.

विशेष म्हणजे हे सगळं करणारी बाई स्वतः रुग्ण होती. क्रिमियात जडलेल्या तापाने त्यांची पाठ सोडली नाही. १८५७ पासून पुढची बरीच वर्षं त्या खोलीतच असायच्या. पलंगावरूनच पत्रं आणि अहवाल लिहायच्या.

त्याच पलंगावरून त्यांनी भारताचंही काम केलं. त्या इथे कधीच आल्या नाहीत. पण भारतातल्या लष्करी छावण्यांना प्रश्नावली पाठवून त्यांनी माहिती मागवली. ब्रिटिश सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत असल्याचं समोर आलं. पाणी, गटारं, बराकी यांत सुधारणा झाल्या आणि १८७३ मध्ये त्यांनी हा आकडा १८ वर आल्याचं मांडलं.

पुढे छावणीबाहेरच्या लोकांचं काय, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. दुष्काळ, सिंचन, गावची स्वच्छता यावर त्या लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या कामाची दिशा थेट लोकांच्या घराकडे वळली. १८९२ मध्ये इंग्लंडच्या बकिंगहॅमशायरमध्ये त्यांनी एका योजनेला हात घातला. खेड्यातल्या बायकांना आरोग्य शिकवण्यासाठी प्रशिक्षित बायकाच पाठवायच्या. नुसतं व्याख्यान देऊन निघून यायचं नाही. घरी जायचं, अडचणी ऐकायच्या, त्या घरात जमेल तेच सुचवायचं. आपल्याकडच्या आशाताईंचं काम पाहिलं असेल तर ही पद्धत ओळखीची वाटेल. भारतातल्या गावांसाठीही असंच काहीतरी व्हावं, असं त्यांनी १८९४ च्या निबंधात मांडलं. वरून हुकूम सोडून गाव स्वच्छ होत नाही, गावातली माणसं सोबत हवीत, हे त्यांचं म्हणणं.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्या गेल्या. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा मान देऊ केला होता, पण घरच्यांनी तो नाकारला. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावात त्यांची कबर आहे. तिच्यावर पूर्ण नावही नाही, फक्त आद्याक्षरं आणि जन्म-मृत्यूच्या तारखा.

आज आपण हॉस्पिटल निवडतो ते ओळखीच्यांना विचारून किंवा लॉबी बघून. इथे किती रुग्ण बरे होतात, किती जणांना इथे आल्यावर जंतुसंसर्ग होतो, हे फारसं कुणी विचारत नाही. नाईटिंगेल यांनी हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी विचारला होता. पुढच्या १२ मे ला दिव्याचा फोटो फॉरवर्ड करताना तोही सोबत पाठवायला हरकत नाही.