गाडगेबाबा : खराटा, गाडगे आणि एक पंगत

सावरगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला जाम नदी आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची गोटमार एवढेच आठवते. वाडवडिलांकडून आलेले काय ठेवायचे आणि काय बदलायचे, यावर त्यामुळे दरवर्षी आपल्या ओट्याओट्यांवर चर्चा होते. हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी शेजारच्या वऱ्हाडात एका तरुण परटापुढे उभा राहिला होता. त्याचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. पुढे जग त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली. मामाकडे डेबूजी गुरे राखायला आणि शेत कसायला शिकला. शाळा कधी पाहिली नाही. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले.

पहिली मुलगी झाली आणि बारशाचा प्रसंग आला. त्या काळी बारसे म्हणजे भाऊबंदांना बोकड आणि दारू, असा जातीचा रिवाज होता. तो मोडला तर पंचांचा रोष ओढवायचा. त्यासाठी घरोघरी कर्ज व्हायचे. डेबूजींनी बारसे केले, पंगतही बसवली, पण पानात गोडाचे जेवण वाढले आणि दारू दारात येऊ दिली नाही. लोक चिडले, कुरकुरले, तरी ते बधले नाहीत. मला या प्रसंगाचे मोल फार वाटते. त्यांनी समाजाकडे पाठ फिरवली नाही. पाहुणे तेच, आनंद तोच, फक्त ताट बदलले. आपल्या वडिलांना दारूने नेले, हे त्या ताटामागे होते.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात मागून आणलेली भाकर-कोरड्यास खायची, तेच पाणी प्यायला. गावात शिरले की कोणाला काही न सांगता झाडू लागायचे. थोड्या वेळाने एक जण लाजून पुढे यायचा, मग दहा जण. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ. रात्री त्याच लोकांसमोर कीर्तन. ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे आणि उत्तरे श्रोत्यांकडूनच काढून घ्यायचे. हातातले काम आधी स्वतः करायचे, ही त्यांची पुढारपणाची रीत. पाया पडायला आलेल्या माणसाला मात्र ते जवळ येऊ देत नसत.

पूर्णेकाठच्या रिणमोचनला त्यांनी लोकांच्या श्रमातून घाट बांधला. तिथल्या यात्रेत आंधळे, पांगळे, महारोगी यांना सन्मानाने जेवू घालायला सुरुवात केली. भुकेल्याला अन्न हे त्यांच्या सांगण्यात पहिले असायचे. पण लेकराच्या शाळेचा प्रश्न आला की, ताटे विका, हातावर भाकर घ्या, असेही ते सांगत.

पंढरपूरला वारीला गेलेल्या अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे. बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. वारीचा वारसा सांगणाऱ्यांना हे आधी सुचले नाही, हे आपण मान्य करायला हवे. १९४९ साली ही इमारत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. नाशिक, आळंदी, देहू, मुंबई इथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत परगावच्या रुग्णांचे नातेवाईक रस्त्यावर झोपत, त्यांना छप्पर मिळाले.

एवढ्या देणग्या आल्या, पण त्यांचा कारभार विश्वस्तांकडे राहिला. बाबांनी त्यातले काही आपले मानले नाही. स्वतःच्या बायकामुलांनीही धर्मशाळेचे अन्न खाऊ नये, असा त्यांचा कडक दंडक होता. कुंताबाईंनी यापायी काय सोसले असेल, याची नोंद चरित्रांत थोडी सापडते. थोरांच्या घरच्या बायकांचे असेच होते.

१९०३ पासून वऱ्हाड आणि आपला मुलूख एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. आठवडाभरात, ८ नोव्हेंबरला, वांद्र्याला त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले आहे, घरी मुलांना जरूर ऐकवावे. बोली त्यांना परकी वाटणार नाही. २० डिसेंबरला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीला गाडगेनगरात आहे. पांढुर्ण्याहून वरूड-मोर्शीमार्गे सकाळी निघाले तर दर्शन घेऊन संध्याकाळी घरी परतता येते.