शिवछत्रपतींच्या दोन भेटी
आमेरचा किल्ला पाहताना जयपूरवासी मराठी माणसास शिवछत्रपतींचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. १६३० साली शिवनेरीवर जन्मलेले महाराज १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानास भेटले, ते अंगरख्याखाली चिलखत घालून आणि बिचवा व वाघनखे लपवून. खानाने दगा करताच त्या चिमुकल्या शस्त्रांनीच त्यांचे प्राण वाचविले. पुढे ११ जून १६६५ रोजी मिर्झाराजे जयसिंहांच्या पुरंदरनजीकच्या छावणीत मात्र ते निःशस्त्र गेले. तहात २३ किल्ले गेले. परंतु आमेरकरांनी दिलेले अभय पाळले. १६६६ साली आग्र्यात जयसिंहपुत्र रामसिंह महाराजांना जामीन राहिले व त्यापायी त्यांनी मनसबही गमावली. शस्त्र केव्हा बाळगावे आणि केव्हा दूर ठेवावे, हा महाराजांचा विवेक परप्रांती राहणाऱ्या आपणांसही मार्गदर्शक ठरावा.