शुश्रूषेचे व्रत घेतलेल्या कमलाताई

मुंबई बंदरात १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएन्झाची साथ शिरली आणि पावसाळा सरता सरता रेल्वेमार्गांनी देशभर पसरली. तिचा दुसरा तडाखा अतिशय भीषण होता. सर्वाधिक होरपळलेल्या भागांत मध्य प्रांत व वऱ्हाडाचा समावेश होता आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. त्या वर्षी पावसाने दगा दिल्याने धान्यही महागले होते. देशात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे दगावली असावीत, असा नंतरच्या संशोधकांचा अंदाज आहे. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली आढळली.

या साथीने वृद्धांपेक्षाही वीस ते चाळीस या वयातील धडधाकट माणसे अधिक नेली. भारतात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यू जास्त झाले. घरातील आजाऱ्यांची उस्तवार करणारी स्त्री स्वतः अंथरुणाला खिळली की तिच्याकडे पाहायला कोणी उरत नसे. आजाराचा विषाणू १९३३ पर्यंत सापडला नव्हता. लस नव्हती, नेमके औषध नव्हते. विश्रांती, पाणी, पथ्याचे अन्न आणि जाणत्या हातांची शुश्रूषा हाच काय तो आधार होता. मात्र प्रशिक्षित परिचारिका मोजक्याच होत्या आणि पांढरपेशा समाज त्या कामाकडे हलके काम म्हणून पाहत असे.

नेमक्या याच काळात एका तरुण विधवेने परिचारिका होण्याचा निर्धार केला. त्या म्हणजे कमलाताई होस्पेट. त्यांचा जन्म १८९६ साली खानदेशातील शिरपूर येथे झाला. बालवयातच विवाह झाला आणि काही वर्षांतच वैधव्य आले. त्या काळच्या रूढीप्रमाणे अशा मुलीचे उरलेले आयुष्य स्वयंपाकघरात आणि व्रतवैकल्यांत जायचे. कमलाताईंनी तो मार्ग नाकारून नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचर्या व प्रसूतिशास्त्राचे शिक्षण घेतले. परकीय अमदानीत देशी रुग्णांना मिळणारी वागणूक त्यांना खटकली. आपल्या बायकांसाठी आपुलकीचे, स्वतंत्र प्रसूतिगृह असावे, हा विचार तेथेच पक्का झाला.

वेणूताई नेने यांच्या साथीने १९२१ साली सीताबर्डीवर अवघ्या चार खाटांचे प्रसूतिगृह सुरू झाले. हीच मातृसेवा संघाची सुरुवात होय. हाताशी भांडवल नव्हते. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत, अप्रशिक्षित सुईणीच्या हातून होणे हाच रिवाज होता. रुग्णालयात जाणे हा घराण्याला कमीपणा वाटे. अशा घरांच्या उंबरठ्यावर जाऊन विश्वास मिळवणे, हे कमलाताईंचे खरे काम होते. स्वच्छतेने आणि वेळेवरच्या मदतीने आई व मूल दोघेही वाचतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले आणि संस्थेच्या शाखा विदर्भात व बाहेरही पसरल्या. परिचारिका घडविणारे वर्ग निघाले. त्यातून अनेक निराधार स्त्रियांना मानाची भाकरी मिळाली. पुढे समाजकार्याचे शिक्षण, गतिमंद मुले आणि वृद्ध यांच्यापर्यंत संस्थेचा व्याप वाढला.

भारत सरकारने १९६१ साली पद्मश्री देऊन कमलाताईंचा गौरव केला. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी लावलेल्या रोपाने २०२१ साली शंभरी गाठली.

गर्भवती स्त्रीला इन्फ्लुएन्झाचा धोका इतरांहून अधिक असतो, हे आज वैद्यकशास्त्र निःसंदिग्धपणे सांगते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली या लसीसाठी गर्भवतींना अग्रक्रम देण्याची शिफारस केली. आज लस आहे, औषधे आहेत. तरीही २००९ चा स्वाइन फ्लू आणि २०२० ची करोना साथ यांनी पुन्हा दाखवून दिले, की संकटाच्या घडीला रुग्णाच्या उशाशी उभी राहणारी प्रशिक्षित परिचारिका नसेल, तर उपचारांची साधने अपुरी पडतात. अशा परिचारिका साथ आल्यावर एका रात्रीत तयार होत नाहीत. त्या आधीच्या शांत वर्षांत घडवाव्या लागतात. कमलाताईंनी नागपुरात नेमके तेच केले.