शंकर आबाजी भिसे

शंकर आबाजी भिसे (जन्म : २९ एप्रिल १८६७, मुंबई, मृत्यू : ७ एप्रिल १९३५, न्यूयॉर्क) हे मराठी संशोधक व यंत्रनिर्माते होते. छपाईचे धातूचे खिळे ओतणाऱ्या ‘भिसोटाइप’ या यंत्रासाठी ते विशेष ओळखले जातात. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध व ४० एकस्वे (पेटंट) सांगितली जातात. ‘भारतीय एडिसन’ असाही त्यांचा उल्लेख होतो.

प्रारंभिक जीवन

वयाच्या चौदाव्या वर्षी भिसे यांनी घरीच दगडी कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण बनवले. १८९०–९५ या काळात त्यांनी दृष्टिभ्रमाचे प्रयोग सिद्ध केले आणि ते इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे करून दाखवले. पुढे किराणा मालाचे वजन करणाऱ्या यंत्राच्या आराखड्याला लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. त्यानंतर दिनशा वाच्छा यांचे शिफारसपत्र घेऊन ते लंडनला गेले. तेथे दादाभाई नौरोजी यांनी त्यांना आर्थिक साहाय्य दिले.

भिसोटाइप

शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला मिश्रधातू मातृका बसवलेल्या साच्यात ओतून खिळा तयार होतो. धातू सर्वत्र सारखा भरला नाही, तर खिळ्यात पोकळी राहते. खिळ्यांची उंची कमीअधिक झाली, तर छपाई असमान उठते. त्यामुळे वेग वाढवूनही प्रत्येक खिळा अचूक मापाचा ठेवणे ही यंत्रनिर्मात्यांपुढील मुख्य अडचण होती. मेर्गेनथालर यांचे लायनोटाइप यंत्र १८८६ पासून वापरात आले होते. ते अक्षरांची सबंध ओळ एकसंध ओतत असे. भिसे यांनी सुटे खिळे वेगाने ओतणाऱ्या यंत्राचा मार्ग धरला.

आर्थिक पाठबळ

प्रायोगिक यंत्रापासून बाजारात चालणाऱ्या यंत्रापर्यंत जाण्यास मोठे भांडवल लागत होते. इंग्रज समाजवादी नेते हिंडमन यांनी ते उभारण्याचा प्रयत्न केला. तथापि तो फळाला आला नाही. पैसा संपल्यामुळे १९०८ मध्ये भिसे यांना मुंबईस परतावे लागले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामार्फत त्यांचा सर रतनजी टाटा यांच्याशी संबंध आला आणि टाटांच्या भांडवलावर लंडनमध्ये काम पुन्हा सुरू झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा उपक्रमही बंद पडला.

अमेरिकेतील वास्तव्य

१९१६ च्या सुमारास भिसे अमेरिकेस गेले व न्यूयॉर्क येथे स्थायिक झाले. तेथे त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्राची सुधारित आवृत्ती तयार केली. १९२० मध्ये तिच्यासाठी कंपनीही स्थापन झाली. याच काळात त्यांनी ‘ॲटोमिडिन’ हे आयोडीनयुक्त औषध सिद्ध केले. न्यूयॉर्क येथेच त्यांचे निधन झाले.

मुद्रणतंत्रातील स्थान

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रकाशजुळणी व संगणक आल्यावर धातूच्या खिळ्यांचा वापर मागे पडला. धातू नेमक्या आकारात व नेमक्या जागी बसवण्याचा प्रश्न मात्र मुद्रणात वेगळ्या रूपाने पुन्हा आला आहे. विद्युत मंडले छापताना चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या शाईचे थेंब बारीक छिद्रांतून पृष्ठभागावर सोडतात. नंतर ते तापवले असता चांदीच्या ९६२ अंश सेल्सिअस या वितलनबिंदूपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला कण परस्परांना जुळून वाहक रेषा तयार होते. हे तंत्र भिसे यांच्या यंत्रापासून निघालेले नाही. त्यांच्या यंत्रात मात्र खिळे ओतण्यासाठी धातू वितळवणे अपरिहार्य होते.