शेताचे तुकडे आणि बाबासाहेबांचा प्रश्न



बाबासाहेबांचे अर्थशास्त्र आपण जयंतीच्या भाषणात एका वाक्यात आटोपतो. आज त्यातला एकच विषय आपल्यापुढे ठेवत आहे.

१८९१ साली महू येथे जन्मलेले बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत जातीमुळे राहायला जागा मिळेना, म्हणून तेही सोडावे लागले.

त्या काळी शेतीबद्दल एक मत सर्वमान्य होते. वारसांत वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडतात, म्हणून शेती परवडत नाही. तेव्हा कायद्याने शेते मोठी करा. कोणालाही ऐकताच पटेल असेच हे मत होते.

१९१८ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी ते तपासायला घेतले. शेत परवडते की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. बैल, नांगर आणि भांडवल किती आहे, यावर ठरते. हीच साधने अपुरी असल्याचे त्यांनी आकडेवारीने दाखवले. मग शेत मोठे करून उत्पन्न कसे वाढणार? दुसरे काम नसल्याने सगळे लोक जमिनीवरच अवलंबून आहेत, हे खरे दुखणे; त्यावर उपाय उद्योगधंदे वाढवण्याचा.

पुढे लंडनला परत जाऊन १९२३ मध्ये ते डी.एस्सी. झाले. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात लहान शेतांबाबतचे विधेयक आले, तेव्हा सभासद म्हणून त्यांनी विरोध केला. जमीन पैसेवाल्यांकडे जाईल आणि छोटा शेतकरी भूमिहीन होईल, हे त्यांनी बजावले. मालकी कायम ठेवून सहकारी शेती करावी, असे त्यांनी सुचवले.

आपल्या आजोबा-पणजोबांकडे किती जमीन होती, आठवून पाहा. असली तर एखादा एकर! वरवर शहाणपणाच्या त्या उपायाचा घाव अशाच घरांवर बसला असता.

केवळ परंपरा आहे किंवा तर्काला पटते म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पडताळा, हा तथागतांचा कालामांना उपदेश. १९५६ साली नागपूरला धम्म स्वीकारण्याच्या कितीतरी आधीपासून बाबासाहेब त्याच वाटेने चालत होते.

आपण राहतो त्या देशातही निवडणुका आल्या की सोपे उपाय ऐकू येतात. तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा: आकडे काय सांगतात? आणि उपाय चुकला, तर भुर्दंड कोणाला?

नमो बुद्धाय! जय भीम!