दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेली अळंबी

निळ्या कोटातला पीटर ससा पुष्कळ घरांतल्या नातवंडांच्या ओळखीचा असतो. त्याला जन्म देणाऱ्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) तरुणपणी भूछत्रांच्या नादी लागल्या होत्या, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

लंडनच्या सधन घरातली ही मुलगी शाळेत कधी गेलीच नाही. स्कॉटलंडमधल्या सुट्टीत चार्ल्स मॅकिंटॉश नावाचा पोस्टमन तिचा गुरू झाला. हिवाळ्यात तो टपालाने भूछत्रे पाठवी आणि ती त्यांची चित्रे काढी. १८९३ च्या सप्टेंबरात डंकेल्डच्या मुक्कामी त्यांनी एक दुर्मीळ भूछत्र रंगवले. त्याच मुक्कामात एका आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रात पीटर अवतरला.

पण चित्रांवर बाईंचे समाधान होईना. अळंबीचे बीजाणू रुजतात कसे, हे त्या घरीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागल्या. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या संचालकांनी त्यांची दखल घेतली नाही. १ एप्रिल १८९७ रोजी लिनियन सोसायटीत त्यांचा निबंध मांडला गेला, तोही दुसऱ्याने. बायकांना तिथे प्रवेशच नव्हता. पुढे तो त्यांनी मागे घेतला. आज तो उपलब्ध नाही.

अळंबीसाठी वनस्पतीवाल्यांचे दार का ठोठवावे लागले? कारण तेव्हा तिची गणना वनस्पतींत होई. जागची हलत नाही, म्हणजे झाडच!

वास्तविक झाड उन्हात स्वतःचे अन्न तयार करते. प्राणी अन्न गिळून पोटात पचवतो. बुरशीची तऱ्हा तिसरीच. ती पाचक रस बाहेर सोडते, शिळी भाकरी बाहेरच्या बाहेर पचवते आणि विरघळलेले शोषून घेते. तिच्या पेशींच्या भिंतीत खेकड्याच्या कवचातले कायटिन असते. शिल्लक ती ठेवते ग्लायकोजेनच्या रूपात, आपल्या यकृतासारखी. पेशीत केंद्रक असल्याने ती जिवाणूंतही बसत नाही.

मी बँकेत आयुष्य काढले. खाते न सापडलेली रक्कम आम्ही ‘सस्पेन्स’मध्ये ठेवत असू, दुसऱ्याच्या खात्यात कधी ढकलत नसू. शास्त्राने अळंबीबाबत नेमके तेच केले होते. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर यांनी बुरशीला पाच सृष्टींपैकी एक स्वतंत्र सृष्टी दिली. १९९० नंतरच्या रेणवीय अभ्यासांनी तर तिचे नाते झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचे ठरवले.

हे पाहायला बाई नव्हत्या. त्यांचीही नोंद ‘हौशी बाई’ या खात्यातच झाली होती. १९६७ साली त्यांची चित्रे भूछत्रांवरच्या एका शास्त्रीय पुस्तकात छापली गेली, आणि १९९७ साली लिनियन सोसायटीने त्यांना मिळालेल्या वागणुकीबद्दल खेद व्यक्त केला. निबंध गेला तो गेला; चित्रे मात्र इंग्लंडमधल्या अ‍ॅम्बलसाइडच्या संग्रहालयात आहेत. घरातली एखादी मुलगी पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यापाशी तासभर बसली, तर तिला हाक मारून उठवू नये.